सोलापूरहून एका दिवसाचा घाट: तुळजापूरने चढा, रामलिंगने उतरा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: गाडी घेऊन आठ महिने झाले, शहर आणि पुणे रस्ता सोडून कुठे चालवलेली नाही. बरोबर बायको, दोन मुलं आणि सत्तरीच्या आई. सकाळी निघून रात्री घरी परत यायचं, डोंगर आणि घाट बघायचा. महाबळेश्वर एका दिवसात होईल का, आणि नाहीतर दुसरं कुठे जावं?

महाबळेश्वर होणार नाही. गाडी पोचेल हो, पण जायला सहा तास, यायला सहा तास, वर सुट्टीच्या दिवशी पाचगणीच्या घाटात गाड्यांची रांग. आईंना बारा तास सीटवर बसवून दोन तास धुकं दाखवायचं, याला फिरणं म्हणत नाहीत.

मी अठ्ठावीस वर्षं सोलापुरातून भाड्याची गाडी चालवतोय. लोकांना महाबळेश्वरला नेलं, कोकणात नेलं, तिरुपतीला तर किती वेळा त्याचा हिशोब नाही. पण घरच्यांना एका दिवसासाठी बाहेर काढायचं झालं की माझी चक्कर ठरलेली. तुळजापूरच्या घाटाने वर चढायचं, धाराशिववरून येडशीपर्यंत वरच्या वर जायचं, तिथल्या रामलिंग देवळाच्या बाजूने बार्शीकडे खाली उतरायचं आणि वैराग, नान्नज करत दिवेलागणीला घरी. सगळं मिळून १९० ते २०० किलोमीटर होतात.

तुळजापूर ऐकून तोंड वाकडं करू नका. दरवर्षी जातो, त्यात काय बघायचं, असं प्रत्येक सोलापूरकर म्हणतो. पण आपण जातो देवीला. घाट लागला की ‘आई राजा उदो उदो’ म्हणतो, पार्किंग कुठे मिळेल याची काळजी करतो आणि दर्शन झालं की परत फिरतो. डोंगराकडे बघतो कोण?

आधी तो डोंगर कसला आहे ते समजून घ्या, नाहीतर निराश व्हाल. हा बालाघाटाचा डोंगर, त्याला सह्याद्रीसारखे सुळके नाहीत की खोल दऱ्या नाहीत. हा जिना आहे. सहा-साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थरावर थर पसरत गेला, त्याचा काळा दगड झाला, आणि पाण्याने कडेकडेने तो कापला. सोलापूर समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरच्या आसपास, तुळजापूर साडेसहाशेच्या आसपास. म्हणजे तुम्ही चढणार जेमतेम दोनशे मीटर. पण सोलापूर सोडल्यापासून सगळी सपाटी असते आणि एकदम समोर ती पायरी भिंतीसारखी उभी राहते. वर गेलात की परत सपाटीच. म्हणून या डोंगराची खरी मजा शिखरात नाही, काठात आहे. गाडी जितकी काठाकाठाने न्याल आणि जितक्या वेळा थांबून खाली बघाल तितकं मिळेल.

आता दिवस कुठला घ्यायचा. मंगळवार, शुक्रवार, पौर्णिमा आणि नवरात्र टाळा. रविवारही टाळता आला तर बरं, शनिवार घ्या. कोजागरीच्या आधीचे दोन-तीन दिवस तर या रस्त्याचं नावच काढू नका. सोलापुरातून हजारोंनी लोक पायी तुळजापूरला निघतात, रस्ता त्यांचा असतो, पोलीस गाड्या दुसरीकडून वळवतात. त्या दिवसांत जायचंच असेल तर तुम्हीही चालत जा.

महिना म्हणाल तर ऑगस्टचा शेवट ते ऑक्टोबर. आपल्याकडे सगळ्यात जास्त पाऊस सप्टेंबरात पडतो, कोकणासारखा जुलैत नाही. जुलैत इथे गेलात तर नुसतं ढगाळ आणि वारा. सप्टेंबरात मात्र घाटाच्या उतारावर गवत गुडघाभर होतं, तरवड पिवळा फुलतो, आणि सीताफळाच्या पाट्या घेऊन बायका रस्त्याच्या कडेला बसायला लागतात. डिसेंबर-जानेवारीत गवत वाळून सोनेरी होतं, तेही मला आवडतं, आणि खाली ज्वारीत हुरडा असतो. मार्चनंतर विचारू नका, एप्रिल-मेमध्ये तापलेला दगड बघायला कशाला जायचं.

सकाळी सहाला सोलापूर सोडा. सूर्य उजव्या हाताला राहतो, डोळ्यात येत नाही. तामलवाडीला टोल लागतो. महामार्ग आता चौपदरी झालाय, त्यामुळे पूर्वीसारखी घाटाची धास्ती राहिली नाही. पण रस्ता रुंद झाला म्हणून चढ कमी होत नाही, आणि उतार तर मुळीच कमी होत नाही.

इथे माझीच एक गोष्ट सांगतो, कारण तुम्ही घाटात नवीन आहात. पहिल्या वर्षी मी एका मालकाची जुनी जीप चालवायचो. डिझेल वाचवलं तर चार पैसे आपल्या खिशात, म्हणून तुळजापूरहून परत येताना घाटात गाडी न्यूट्रलवर टाकायचो. सगळेच टाकायचे. एकदा मागे अकरा माणसं, त्यात दोन म्हाताऱ्या, आणि टपावर नारळाची पोती. दुसऱ्या वळणापर्यंत सगळं गोड. तिसऱ्या वळणाआधी ब्रेक दाबला तर पायाखाली पाव दाबल्यासारखं वाटलं. पाय जातोय, गाडी थांबत नाही. तेवढ्यात जळक्या रबरासारखा वास आला. गिअर टाकायला गेलो तर वेग एवढा झालेला की गिअर पडेना, नुसता करकर आवाज. शेवटी डोंगराकडच्या बाजूला गाडी घेतली आणि डावी चाकं गटारात उतरवली. पन्नास फूट घासत जाऊन दरडीला टेकली. माणसं वाचली. मडगार्ड गेलं, चार नारळ फुटले, आणि एक म्हातारी म्हणाली, देवीला वाहायचे राहिलेच होते. मी मात्र अर्धा तास हातात बिडी धरून बसलो, पेटवायचं भान नव्हतं.

तेव्हापासून एकच नियम पाळतो, तो तुम्हीही पाळा: ज्या गिअरमध्ये चढाल त्याच गिअरमध्ये उतरा. तिसऱ्यात चढली तर तिसऱ्यात उतरवा, दुसरा लागला असेल तर दुसऱ्यात. इंजिनच गाडीला धरून ठेवतं, ब्रेक फक्त वळणाआधी थोडा थोडा दाबायचा आणि सोडायचा. सतत पाय ठेवून उतरलात की लायनर तापतात आणि मग नेमकं हवं तेव्हा ब्रेक लागत नाही. गाडी ऑटोमॅटिक असेल तर ‘डी’मध्ये सोडून देऊ नका, खालचा गिअर हाताने निवडायची सोय असते, ती घरी असतानाच शोधून ठेवा. आणि इंजिन बंद करून तर कधीच उतरू नका, स्टिअरिंग दगडासारखं होतं आणि ब्रेकला दोन-तीन दाबांनंतर जोर राहत नाही.

चढताना काळजी वेगळी. ट्रकच्या मागे हाफ क्लचवर गाडी रेंगाळत ठेवू नका. क्लच जळाला की तोही वास येतो आणि खर्च ब्रेकपेक्षा मोठा होतो. मागे थोडं अंतर सोडा, ट्रक पुढे जाऊ द्या, मग एका दमात चढा. तापमानाचा काटा वर जायला लागला तर एसी बंद करा आणि कडेला थांबा, पण कुलंटचं झाकण लगेच उघडू नका. गरम पाणी उसळून तोंडावर येतं. निघायच्या आदल्या संध्याकाळी कुलंट बघा, टायरमधली हवा मात्र सकाळी निघताना थंड टायरवर बघा, स्टेपनीचीसुद्धा.

घाट चढून झाला की काठावर सुरक्षित जागा बघून, रस्त्याच्या पूर्ण बाहेर गाडी घ्या आणि सगळ्यांना उतरवा. वळणावर नाही, वळणाच्या पुढे. पावसाळ्यानंतरची सकाळ असेल तर खाली सगळा मुलूख चटईसारखा पसरलेला असतो, शेततळी चमकत असतात आणि स्वच्छ हवेत सोलापूरच्या बाजूचा धूरसुद्धा दिसतो. रस्त्यासाठी फोडलेल्या दरडीत दगडाचे थर मुलांना दाखवा, काळ्या थरांच्या मध्ये कुठे तांबूस पट्टा असतो. एका लाव्ह्यानंतर दुसरा यायला जो काळ गेला, त्या काळात तयार झालेली ती माती, वरच्या लाव्ह्याने भाजलेली. पुस्तकात शोधून सापडणार नाही इतकं सोपं इथे दिसतं. हवाही लगेच बदललेली जाणवते, एखाद-दीड अंशाचाच फरक असतो पण अंगाला कळतो.

देवीच्या दर्शनाचं तुम्हीच ठरवा. आईंना विचारलंत तर उत्तर माहीत आहे. माझं म्हणाल तर या चक्करीत रांगेत उभं राहू नका, दोन-तीन तास कुठे जातात कळत नाही. तुळजाभवानीचं देऊळ गावातल्या खोलगट जागी आहे, पायऱ्या उतरून जावं लागतं. त्यामुळे कळस वरूनच दिसतो. तिथून हात जोडा आणि पुढच्या महिन्यात मुद्दाम या. आईंनी ऐकलं नाही तर सातच्या आत गावात शिरा आणि पुढचा कार्यक्रम दोन तासांनी सरकवा.

नाष्टा घरचा घ्या. कडक भाकरी, शेंगाचटणी, दही, आणि मुलांसाठी धपाटे. कडक भाकरीला दिवसभर काही होत नाही. सोलापूरकराने प्रवासात ब्रेड-बटर का खावं हे मला कधी कळलेलं नाही.

तुळजापूर ते धाराशिव वीस-पंचवीस किलोमीटर. या पट्ट्यात घाई केलीत तरी चालेल, रस्ता सपाट आहे. शेळ्यांचे कळप आडवे येतील, तेवढं सांभाळा. काळ्या कुळकुळीत, लांब कानांच्या असतात, देशभर ‘उस्मानाबादी’ म्हणून ओळखली जाते ती जात हीच. जिल्ह्याचं नाव बदललं, शेळीचं अजून तेच. धाराशिवला गुलाबजाम खा, आणि शहराजवळची लेणी बघायची का ते आईंच्या गुडघ्यांवर ठरवा. सातव्या शतकाच्या सुमाराची आहेत, आधी बौद्ध, पुढे जैन झाली असं मानतात. चालावं लागतं. एका दिवसात लेणी किंवा रामलिंग, दोन्ही धरलंत तर धावपळ होते. मी रामलिंग घेतो.

मध्येच तेरला जाऊन यायचा मोह होईल. प्राचीन तगर, रोमपर्यंत व्यापार, गोरोबाकाकांचं गाव. त्याला वेगळा दिवस द्या. संग्रहालयातून तासाभरात बाहेर पडणार असाल तर जाऊच नका.

येडशीच्या आसपास पोचलात की गाडी थांबवून मुलांना एक गंमत करायला सांगा. हा बालाघाटाचा माथा म्हणजे पाण्याचा बांध आहे. पूर्वेकडे पडलेलं पावसाचं पाणी तेरणेत जातं, तेरणा मांजरेला मिळते, मांजरा गोदावरीला. पश्चिमेकडे उतरलेलं पाणी भोगावतीतून सीनेला, सीना भीमेला, भीमा कृष्णेला. शेजारी शेजारी पडलेले दोन थेंब, एक राजमहेंद्रीला जातो, एक विजयवाड्याला. माझ्या मुलीने लहानपणी बाटलीतलं पाणी अर्धं इकडे, अर्धं तिकडे ओतलं होतं आणि विचारलं होतं, मग भेटतात कुठे? समुद्रात, म्हटलं. दोन्ही बंगालच्या उपसागरात जातात, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा सुचलं, इतकी वर्षं त्याच रस्त्याने जात असून.

रामलिंगला दुपारी बारा-साडेबारापर्यंत पोचा. येडशीपासून जवळच आहे. इथे मात्र डोंगर खराखुरा भेटतो. आजूबाजूला जंगल, आणि देऊळ खाली घळीत, ओढ्याच्या काठाला. पायऱ्या उतरताना वरचा उजेड कमी कमी होत जातो आणि पाण्याचा आवाज वाढत जातो, पाऊस चांगला झाला असेल तर धबधबा असतो. सीतेला घेऊन जाणाऱ्या रावणाला जटायूने इथे अडवलं आणि रामाने त्याला इथेच शेवटचं पाणी पाजलं, अशी इथली कथा. आईंना पायऱ्यांवर हात द्या, शेवाळ असतं. भाकरीचा डबा गाडीतच, काचा पूर्ण वर. माकडं पिशवी बघूनच ओळखतात. मी एकदा एका बाईंची पर्स झाडावर गेलेली पाहिली, त्यातल्या बीपीच्या गोळ्या माकडाने एकेक करून खाली टाकल्या, पैसे मात्र वरच राहिले.

हा भाग १९९७ पासून अभयारण्य आहे, सुमारे २२ चौरस किलोमीटरचं. एवढ्याशा जंगलात काय असणार, असं मीही म्हणायचो. डिसेंबर २०२४ मध्ये यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वरचा वाघ सुमारे ५०० किलोमीटर चालत इथे आला, कॅमेऱ्यात दिसला आणि पुढे बार्शी तालुक्यातही फिरला. तेव्हापासून गाडीतली पोरं प्रत्येक झुडपाकडे बघतात. तुम्ही जंगलात आत शिरू नका, मोठ्याने गाणी लावू नका आणि ऊन कलायच्या आत निघा.

लवकर निघायचं याला वाघापेक्षा मोठं कारण आहे: सूर्य. येडशीहून बार्शीला उतरताना तोंड पश्चिमेला असतं. चारनंतर निघालात तर ऊन सरळ काचेवर येतं, काचेवरची धूळ पांढरी चमकते आणि समोरून येणारी मोटरसायकल अगदी जवळ आल्यावर दिसते. घाटात नवख्या माणसाला हे सगळ्यात धोक्याचं. म्हणून उशिरात उशिरा तीनला खाली उतरायला लागा. हीच चक्कर उलटी, आधी बार्शी मग तुळजापूर, का करायची नाही असं विचाराल, तर करता येते, पण मग तुळजापूर घाट संध्याकाळी, देवीच्या गर्दीत आणि ट्रकच्या रांगेत उतरावा लागतो. त्यापेक्षा तीन वाजताचा रामलिंग बरा.

या बाजूला रस्ता अरुंद असेल तिथे चढणाऱ्या गाडीला आधी जाऊ द्या. कायद्यातही तसंच आहे, आणि अक्कलही तेच सांगते, कारण चढावर थांबलेली गाडी परत उठवणं अवघड असतं. वळणावर हॉर्न द्या, आपली बाजू सोडू नका, आणि मागचा कितीही हॉर्न वाजवू दे, त्याला साइड द्यायची जागा तुम्ही निवडायची, त्याने नाही.

याच घाटातून एके काळी बार्शी लाइट रेल्वेची छोटी गाडी चढायची. एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनिअरने बांधलेली, रुळांमधलं अंतर फक्त अडीच फूट. १८९७ साली कुर्डुवाडीकडून बार्शीपर्यंत आली आणि पुढे लातूरपर्यंत गेली. माझे वडील सांगायचे, चढावर पोरं खाली उतरून गाडीबरोबर चालायची आणि सीताफळं तोडून परत चढायची. आता ब्रॉडगेज आहे, उतरलात तर राहिलात.

बार्शीत चहा, आणि वेळ असेल तर भगवंताचं देऊळ. नसेल तर राहू द्या.

एक पर्याय सांगून ठेवतो. पाऊस जोरात झाला असेल आणि नळदुर्गला वरचं बोरी धरण भरून पाणी सुटल्याची बातमी असेल, तर ही सगळी चक्कर बाजूला ठेवा आणि हैदराबाद रस्त्याने पन्नासेक किलोमीटरवर नळदुर्ग गाठा. किल्ल्यातच बोरी नदीला बंधारा घातलाय आणि बंधाऱ्याच्या पोटात पाणीमहाल आहे, दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळातला, १६१३ सालचा. नर आणि मादी असे दोन सांडवे आहेत. ते सुरू झाले की महालाच्या खिडकीतून पाण्याचा पडदा आतून बघायला मिळतो, आणि वर एवढं पाणी कोसळत असताना आत कोरडं. ते वर्षातले थोडेच दिवस असतं, काही वर्षी नसतंच. डोंगर पुढच्या आठवड्यातही जागेवर असेल.

बार्शीहून परतीचे सत्तर किलोमीटर वैरागवरून. ऊन पाठीमागे किंवा उजव्या हाताला राहतं, डोळ्यांना त्रास नाही. पण नोव्हेंबर ते मार्च कारखाने सुरू असतात आणि उसाच्या ट्रॉल्या रस्त्यावर असतात. एका ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या, मागे लाल दिवा नाही, रिफ्लेक्टर चिखलाने माखलेला, ऊस दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला. अंधारात समोरच्या गाडीच्या उजेडाने डोळे दिपले की ही ट्रॉली दिसतच नाही. म्हणून नान्नज तरी उजेडात गाठा. डिपरवर, म्हणजे दिव्याचा झोत खाली ठेवून चालवा आणि साठच्या वर जाऊ नका. ट्रॉली ओलांडताना दोन्ही ट्रॉल्या आणि पुढचा ट्रॅक्टर एवढी लांबी मोजा, नवखी माणसं पहिली ट्रॉली संपली की आत घुसतात आणि अडकतात.

नान्नजला माळढोक अभयारण्य आहे, १९७९ पासूनचं. माळढोक दिसेल अशी आशा धरू नका, तो आता जवळजवळ गेलाच. काळवीट मात्र हमखास असतात, संध्याकाळी रस्त्याच्या दोन्ही बाजूंना माळावर चरतात. एखादं उड्या मारत रस्ता ओलांडेल. ते गेलं म्हणून लगेच ॲक्सिलरेटर देऊ नका, कळपातलं दुसरं मागेच असतं.